नाही म्हणणारी दारं

रोज सकाळी सव्वानऊला ते टाइम ऑफिसातून बाहेर पडत आणि कारखान्यातल्या ज्या दारांतून आत जायची त्यांना परवानगी नव्हती, नेमक्या त्याच दारांवर जाऊन बोट ठेवत. मशीनवर लाल दिवा लागे. त्यातली बाई ठसक्यात सांगे, 'परवानगी नाही.' ते मान हलवत आणि पुढच्या दाराकडे निघत. कंट्रोल रूम, प्रयोगशाळा, सर्व्हरची खोली, सॉल्व्हंटचं गोदाम. चारही ठिकाणी नकार मिळाला की परत येऊन चहा घेत. त्याआधी नाही.

"काका, आज किती दारांनी हाकललं?" कँटीनच्या खिडकीतून कुणीतरी ओरडायचं.

"चारी."

"एकांद्या दिवशी जावयासारखं आत घेतील बगा."

"घेतील त्या दिवशी तू पळ. मी सांगायला थांबनार नाय."

मोहोपाड्याच्या बाजूच्या त्या रसायनांच्या कारखान्यात मी पर्सोनेल खात्यात होते. टाइम ऑफिस माझ्या खात्याखाली, म्हणजे ते माझ्या हाताखाली. वयाने माझ्यापेक्षा नऊ-दहा वर्षांनी मोठे, म्हणून मी 'अहो' म्हणायचे. ते मला 'म्याडम' म्हणत, आणि माझं चुकलं असं त्यांना वाटलं की 'ताई'. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. कारखान्यात कुणालाच ते धड माहीत नव्हतं. कामगार काका म्हणत, साहेब लोक 'ते टाइम ऑफिसवाले'.

या रोजच्या फेरीबद्दल मी एकदा त्यांना सरळ विचारलं. वीस मिनिटं जात होती त्यात.

"दार उघडतंय का नाय ते सगळा कारखाना बगतो, म्याडम," ते म्हणाले. "नाय उघडलं तं बोंब मारतो. पन बंद ऱ्हायला पायजे तवा बंद ऱ्हातंय का, ते कोन बगतो? त्याची बोंब कोन मारनार?"

उत्तर मला विक्षिप्त वाटलं. त्या वर्षीच्या त्यांच्या अहवालात मी लिहिलं, 'कामात चोख. फिरण्याची सवय.'

माणसाचा चेहरा त्यांच्या लक्षात राहत नसे. हात राहत. मी कारखान्यात रुजू झाले त्या दिवशी माझे कागद पुढे घेताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "आधी डाव्या हातानं लिवत व्हता. शाळंत मारून सोडवलं."

ते खरं होतं. कुणी सांगितलं, म्हणून मी विचारलं.

"दोनी हातांच्या मधल्या बोटांना गाठ हाय. डावीकडची जुनी." एवढं सांगून त्यांनी माझा नंबर रजिस्टरात चढवला.

या सवयीपायी त्यांचं लोकांशी बिनसायचं. चौक गावात एका लग्नात नवरदेवाशी हात मिळवला तो सोडेचनात. मुलगा हायवेवर गॅरेज चालवतो असं मुलीकडच्यांना सांगितलं होतं. यांनी मुलीच्या बापाला तिथेच विचारलं, "गॅरेज कवा बंद केलं ह्यानं? नखात काळं नाय, आनी मनगट कनीक मळनाऱ्याचं हाय." गॅरेज सहा महिन्यांपूर्वी बंद पडलं होतं आणि मुलगा ढाब्यावर तंदूर सांभाळत होता. लग्न झालं, संसार नीट चाललाय, पण त्या घरातून यांना पुन्हा कधी आमंत्रण आलं नाही. "मी नुसतं इचारलं," ते म्हणायचे. आपण विचारलं तर समोरच्याचं काय होईल, स्वतःचं काय होईल, हा हिशेब त्यांच्या डोक्यात येतच नसे. आधी प्रश्न यायचा, बाकीचं मागाहून.

आमच्याकडे बोटाची मशीनं बसली त्याआधी कार्डं होती. एकाच्या खिशात चौघांची कार्डं असायची, म्हणून कंपनीने बोटाची मशीनं आणली. गेटवर हजेरीला आणि आतल्या चार दारांवर. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने ती बसवून दिली. दिवाळी ते मे सगळं सुरळीत चाललं. आषाढात गेटपासून वजनकाट्यापर्यंत रांग लागली.

कारण साधं होतं, पण पुण्यात बसून सुचण्यासारखं नव्हतं. आमचे निम्मे कामगार आसपासच्या गावांतले, घरची भातशेती असलेले. पहाटे लावणीला उतरायचे आणि दुपारी जेवून दुसऱ्या पाळीला यायचे. सकाळभर चिखलात हात. बोटं पांढरी, सुरकुतलेली, आणि चार-पाच दिवसांनी बोटांवरच्या रेषाच झिजलेल्या. मशीन म्हणे, 'पुन्हा प्रयत्न करा.' माणूस पुन्हा प्रयत्न करी. मशीन पुन्हा तेच म्हणे. ओळख पटली नाही की गैरहजेरी लागे, आणि गैरहजेरी लागली की लोक माझ्या टेबलाशी येत.

टाइम ऑफिसात त्यांनी मात्र त्या आषाढात कधी नव्हे इतकी मजा केली. खोबरेल तेल लावून पाहिलं, कोरडं पीठ लावून पाहिलं, बोट कपाळावर घासायला लावलं, टेबलावरच्या दिव्याखाली शेकवलं. कशाने काय झालं ते एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवलं. एके दिवशी ते गोमाला घेऊन माझ्या खोलीत आले. गोमा ड्रम धुण्याच्या कामावर होता. त्याची वाडी चौकच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला.

"म्याडम, पेन्सिली द्या. तीन-चार. हां. गोमा, ही रोपं. लाव."

"कुटं लावू?"

"टेबलावर. म्याडम रागवत नायत."

गोमाने माझ्या टेबलावर पेन्सिली लावल्या. अंगठा आणि शेजारची दोन बोटं यांच्यात धरायची आणि दाबायची. दोन-तीनदा त्यांनी त्याला ते करायला लावलं.

"करंगळी बगा. करंगळी कायच करत नाय. घरात पावना बसून ऱ्हातो तशी नुसती वर बसून ऱ्हाते. जी राबत नाय तिच्या रेघा शाबूत!"

त्या आठवड्यात त्यांनी लावणीला जाणाऱ्या प्रत्येकाची करंगळी मशीनमध्ये नोंदवून घेतली. रांग निम्म्यावर आली. मला वाटतं, त्यांच्या नोकरीतला तो सगळ्यात आनंदाचा आठवडा असावा.

राहिले सतरा जण. हे कॉस्टिक सोड्यावर काम करणारे, ड्रम धुणारे; त्यांची दहाही बोटं गुळगुळीत. गोमा त्यातलाच. त्यांच्यासाठी काय केलं ते त्यांनी मला सांगितलं नाही, पण मी पाहिलं. एका दुपारी गेटच्या केबिनमधून पाहत होते. तेव्हा मशीनवर आधी आपला नंबर दाबावा लागे आणि मग बोट. प्रत्येकाच्या नावावर दोन बोटं नोंदवायची सोय होती. गोमाने आपला नंबर दाबला आणि बोट ठेवलं ते यांनी. स्वतःची डावी करंगळी. हिरवा दिवा. पुढच्याने नंबर दाबला, पुन्हा यांची करंगळी. हिरवा दिवा. सतरा जणांच्या नावावर दुसरं बोट म्हणून त्यांनी आपली करंगळी नोंदवली होती, आणि हे बोट आधीच दुसऱ्या कुणाच्या नावावर आहे का, हे त्या सॉफ्टवेअरने एकदाही विचारलं नव्हतं.

मी केबिनमधून परत माझ्या खोलीत गेले. रांग सरकत होती, माझ्या टेबलाशी कुणी भांडत नव्हतं. मी विचारलं नाही, म्हणजे मला कळलं नव्हतं असं नाही. शिवाय मी स्वतः पुण्याच्या कंपनीला पत्र लिहिलं की तुमची मशीनं फार नकार देतात, जरा सैल करा. त्यांनी तिथे बसूनच ती सैल केली. दोन पावसाळे असे गेले.

तिसऱ्या पावसाळ्यात सॉफ्टवेअर बदललं. आता नंबर दाबायची गरज नाही. बोट ठेवा, ते कुणाचं ते मशीन स्वतः शोधील. सगळे खूश. पहिल्याच दुपारी ते रजिस्टर घेऊन आले आणि म्हणाले, त्या सतरा जणांची हजेरी आज हाताने लिहिलीय, सही करा. मी का म्हणून विचारलं नाही. सही केली.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला ते माझ्या दारात उभे होते. चहा घेतलेला नव्हता, हे मला त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळलं.

"म्याडम, गोदाम उघडलं."

"कोणी उघडलं?"

"मी."

मी पेन खाली ठेवलं.

"नवं मशीन हाय, नवी वळख करून घेवू म्हनलं. दाई बोटं लावली. नऊला नाय म्हनालं. डाव्या करंगळीला दार उघडलं. कट करून."

"आत गेलात?"

"नाय. लावून टाकलं. पन पडद्यावर नाव काय आलं ठाव हाय? गोमा." ते टेबलावर वाकले. "काल गेटवर बी त्या बोटाला सतरा येळा गोमाच म्हनालं. ते ठीक हाय, गोमाचा नंबर सगळ्यांत आधी येतो. पन म्याडम, गोमाला गोदामाची परवानगी नाय. मला बी नाय. मंग दार उघडलं कोनासाठी?"

मी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या ऐवजी माझा प्रश्न विचारला. "तुमचं बोट गोमाच्या नावावर कसं?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्या हातांकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघितलं.

"ते तुमाला ठाव हाय," ते म्हणाले. पुढे ताईही लावलं नाही आणि म्याडमही नाही.

दुसऱ्याची हजेरी लावणाऱ्याला कामावरून काढून टाकण्यात येईल, अशी सूचना गेटवर लावलेली होती. टाइप मी केली होती आणि टाइम ऑफिसचे प्रमुख म्हणून खाली सही त्यांची होती. त्यांची मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. घरचं भात घरापुरतं. मी व्यवहार पाहणारी बाई आहे. मी उठून दार लावलं आणि म्हणाले, "तुमचं बोट सगळ्यांच्या नावावरून काढून टाका. आत्ताच. कुणी आलं तर मी बघते."

"काढलं तं माझं बोट जाईल. दाराची खोड तशीच ऱ्हाईल."

"दाराचं पुण्याची माणसं बघतील."

"त्यांना ठावच नाय तं काय बगतील?" मग म्हणाले, "तुमाला जानून घ्यायचं नाय, ते कुनासाठी उघडलं?"

खरं सांगायचं तर मलाही जाणून घ्यायचं होतं.

आम्ही दुपारपर्यंत त्यामागे होतो. सतरा नावांत तीन माणसं धुतलेले ड्रम गोदामात नेणारी होती, म्हणजे त्यांना परवानगी होती. यांनी त्या तिघांच्या नावावरून आपलं बोट काढलं; मी गोदामाच्या दाराशी उभी. लाल दिवा. एकाच्या नावावर परत घातलं. हिरवा दिवा, दार उघडं, आणि पडद्यावर नाव पुन्हा गोमाचं. असं चार वेळा केलं. मग लक्षात आलं. बोट एकापेक्षा जास्त माणसांशी जुळलं की हे सॉफ्टवेअर पहिल्या माणसाचं नाव लिहून मोकळं होई. त्याला परवानगी नसली की तिथे थांबायचं सोडून यादीतल्या पुढच्याकडे जाई, त्याला नसली की त्याच्या पुढच्याकडे, कुणीतरी हो म्हणेपर्यंत. परवानगी एकाची, नाव दुसऱ्याचं, आणि आत गेलेला माणूस तिसराच.

"भोंगा वाजला तं?" ते म्हणाले.

मला आधी कळलं नाही.

"गळती झाली, भोंगा वाजला, तं आत कोन कोन हाय त्याची यादी ह्याच मशीनमधून निघते ना? यादीत गोमा. आपली दोन मानसं तोंडाला बांधून गोमाला शोधाया आत जानार. गोमा भाईर बिडी वडतोय. आनी आत जो पडलाय, त्याचं नाव कुटंच नाय."

यानंतर बोट काढून टाका असं मी म्हणाले नाही. आम्ही दोघं मोठ्या साहेबांकडे गेलो. जाताना जिन्यात मी त्यांना म्हटलं, "नोकरी जाईल, हे कळतंय ना?" ते म्हणाले, "जाईल तं जाईल. पन साहेबाला आधी दाराचं सांगा हां, मंग बोटाचं. न्हायतर तो बोटावरच बसून ऱ्हाईल."

तसंच झालं. साहेब बोटावरच बसले. पुण्याहून दुसऱ्या दिवशी इंजिनिअर बाई आल्या. तिशीच्या, जाड चष्मा, सरळ बोलणाऱ्या. त्यांनी यादी पाहिली आणि म्हणाल्या, "सतरा माणसांच्या नावावर एकच बोट? हे सॉफ्टवेअर असल्या कारभारासाठी केलेलंच नाही. तुमच्या क्लार्कची चूक आहे."

"झालं तर," साहेब म्हणाले. "बोट काढा. यांना आरोपपत्र द्या. विषय संपला."

हे खुर्चीवर बसलेच नव्हते. उभ्या उभ्याच म्हणाले, "माजी चूक माजी. बोट काढा, तुमच्या समोर काढा. पन म्याडम, मला एक सांगा. लावनीत झिजलेलं बोट तुमचं मशीन एकाच मानसाचं वळखतं?"

"ज्याच्याशी जुळेल त्याचं."

"एकाशीच जुळंल?"

बाईंनी लॅपटॉप उघडला. बराच वेळ काहीतरी बघून विचारलं, "ओळख पटवायचं माप इतकं सैल कुणी करायला सांगितलं?"

"मी," मी म्हणाले. "माझं पत्र असेल तुमच्याकडे."

तेव्हा लावणी चालूच होती. चिखलातून उठून आलेली बोटं हवी होती, म्हणून साहेबांनी नाराजीने कंपनीचा टेंपो पाठवला. आठ जण आले, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, पोटऱ्यांना चिखल. हात तेवढे गेटवर धुऊन घेतले. गोमा सगळ्यात पुढे.

"काका, अर्धं शेत तसंच टाकून आलू. साहेबाला सांगा, संध्याकाळी लावाया या म्हनून."

"येतील. आधी बोट ठेव."

इंजिनिअर बाईंनी यांची करंगळी सगळ्या नावांवरून स्वतःच्या हाताने पुसून टाकली होती. आठांपैकी एकालाही गोदामाची परवानगी नव्हती. पहिल्याने बोट ठेवलं. परवानगी नाही. दुसऱ्याने ठेवलं. परवानगी नाही. "बाई आज रागावलीय रं," मागून कुणीतरी म्हणालं. तिसरा, चौथा, पाचवा. साहेबांनी घड्याळ पाहिलं. गोमा दोन वेळा मागे सरकला होता. यांनी त्याला दंडाला धरून पुढे आणलं.

हिरवा दिवा लागला. दार कट करून उघडलं.

आम्ही सगळे पडद्याकडे वळलो. पडद्यावर मंदाबाईंचं नाव होतं.

"गोमा, तू कँटीनची मंदाबाई झालास की रं!" बाकीचे सातही जण हसत सुटले. "चल, पोळ्या लाट!" गोमा आपल्या बोटाकडे बघत होता, जणू ते त्याला न सांगता कुठेतरी जाऊन आलं होतं.

मंदाबाईंना गोदामाची परवानगी नव्हती. यादीत त्यांच्या खाली कुणीतरी होता, ज्याला होती. समोरच्या खिडकीतून कँटीन दिसत होतं आणि मंदाबाई खरोखरच पोळ्या लाटत होत्या. साहेबांनी एकदा खिडकीतून तिकडे पाहिलं, एकदा उघड्या दाराकडे, एकदा गोमाकडे, आणि घड्याळ असलेला हात खाली घेतला.

इंजिनिअर बाई हसल्या नाहीत. "पुन्हा ठेवा," म्हणाल्या. पुन्हा उघडलं. मग त्या तिथेच, गोदामाच्या बाहेर, फरशीवर लॅपटॉप घेऊन बसल्या. हेही शेजारी उकिडवे बसले. संध्याकाळपर्यंत दोघं तिथे होते. मधे मी चहा पाठवला तेव्हा त्या करंगळीबद्दल विचारत होत्या आणि हे त्यांना फरशीवर बोटाने रोप लावून दाखवत होते. निघताना बाई माझ्याकडे येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "हे फक्त तुमच्याकडे नाही. हीच आवृत्ती आम्ही सगळ्यांना दिलीय." चेहरा उतरलेला होता. काही दिवसांत दुरुस्ती आली: बोट एकापेक्षा जास्त जणांशी जुळलं तर कुणाचंच नाही समजायचं, आणि एक बोट दुसऱ्या नावावर नोंदवू द्यायचं नाही. खोड कुणी शोधली हे त्यांच्या पत्रात नव्हतं. माप पुन्हा कडक झालं, आणि लावणीच्या दिवसांत हजेरी रजिस्टरात सही करून नोंदवली जाऊ लागली.

आरोपपत्र मी टाइप केलं. दोन पानं. चौकशी साहेबांनी घेतली.

"तुम्ही गप्प राहिला असता तर कुणाला कळलं नसतं," साहेब म्हणाले. "का सांगितलं?"

त्यांना प्रश्नच समजला नसावा असं वाटलं. "साहेब, दार माझ्यासाठी उघडलं. मंग दुसरं कोन सांगनार?"

मग मी सांगितलं की मी दोन वर्षांपूर्वी ते पाहिलं होतं आणि थांबवलं नव्हतं, आणि माप सैल करायचं पत्रही माझंच. साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, हे लिहून घ्यायचं का?"

"लिहा."

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, नेहमीसारखं हातांकडे. मी ते दोन्ही टेबलावर ठेवले.

नोकरी गेली नाही. टाइम ऑफिस गेलं. त्यांना सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये पाठवलं आणि त्यांची बोटं सगळ्या मशीनमधून कायमची काढून टाकली. रोज गेटवर रजिस्टरात सही करून यायचं. मला लेखी समज मिळाली. ती अजून माझ्या फायलीत आहे.

महिन्याभराने पुण्याहून इंजिनिअर बाईंचा अहवाल आला. शेवटची सूचना अशी होती की ज्याला परवानगी नाही अशा माणसाने रोज प्रत्येक दार तपासावं आणि नकार मिळाल्याची नोंद करावी. साहेबांनी मला विचारलं, कुणाला सांगायचं? मी यादी काढून बसले. याला प्रयोगशाळेची परवानगी, त्याला कंट्रोल रूमची, शिपायाला सर्व्हरच्या खोलीची, आणि गेटची तर सगळ्यांनाच. ज्याला एकाही दाराची परवानगी नाही असा माणूस हवा होता, आणि अख्ख्या कारखान्यात तसा एकच होता.

ते पत्रही मीच टाइप केलं. त्यांनी उभ्यानेच वाचलं, चार घड्या केल्या आणि खिशात घातलं.

"टाइम काय लिवलाय?"

"सव्वानऊ."

"मंग ठीक हाय."

सकाळी गेटवर ते आधी मशीनवर बोट ठेवत. मशीन म्हणे, 'ओळख पटली नाही.' "बरोबर," असं म्हणून ते रजिस्टरात सही करत आणि आत येत. निवृत्त होईपर्यंत त्यांनी हे केलं.

मी आता कर्जतला एका खाजगी दवाखान्याचं व्यवस्थापन बघते. मागच्या आषाढात आमच्या औषधांच्या खोलीला चेहरा ओळखणारं मशीन बसलं. बसवणाऱ्यांनी नर्सला उभं करून दाखवलं, दार उघडलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सही घेतली आणि ते गेले. मग मी जाऊन दारासमोर उभी राहिले. मला परवानगी नव्हती. मशीन नाही म्हणालं. मला बरं वाटलं, आणि मी त्यांना फोन लावला. फोन त्यांच्या बायकोने घेतला. ते शेतात होते, हात चिखलात. तिने फोन त्यांच्या कानाशी धरला आणि मी नव्या दाराचं सांगितलं.

"नाय म्हनाली?" त्यांनी विचारलं.

"नाही म्हणाली. स्पष्ट."

"एकदाच इचारलं?"

"हो."

"चष्मा काडून?"

"नाही."

"तोंडाला ते बांधता ना तुमी दवाखान्यात, ते बांधून?"

मी गळ्यात लोंबणारा मास्क चाचपला.

"काय ताई," ते म्हणाले.

मी चष्मा काढला, मास्क बांधला, फोन चालूच ठेवून परत दारासमोर उभी राहिले. मशीनने या वेळी जरा वेळ घेतला. पलीकडे चिखलात पडणारी पावलं थांबली होती. मग मशीन म्हणालं, परवानगी नाही, आणि ते त्यांनीही ऐकलं.

"ठीक हाय," ते म्हणाले. "उद्या परत इचारा."

तेव्हापासून सव्वानऊला मी जागेवर नसते.